कुरुळीतला तरणा कोंबडा

कुरुळीच्या आमच्या घरामागं आता अंगण उरलेलं नाही. तिथं सिमेंटचे ठोकळे बसवलेत आणि त्यांवर भाडेकरूंच्या मोटारसायकली एकमेकींना टेकून उभ्या असतात. शेवगा गेला, पाण्याचा हौद गेला, खुराडं होतं त्या जागी आता विजेच्या मीटरांची रांग आहे. मी सकाळीच मारुंजीहून आले. कोपऱ्यातली खोली उघडून झाडून ठेवायची होती. शमीमभाभीची मुलगी नीलोफर आज खोली बघायला येणार आहे. तिला चाकणच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. परवा उदगीरहून भाभीचाच फोन आला होता. "वैनी, दुसरीकडं कुठं ठेवायचं मन होईना," एवढंच ती म्हणाली.

खोली धुतली, दारात उकिडवी बसले, आणि ओल्या फरशीचा वास यायला लागला. तसा वास कुठल्याही खोलीला येतो. पण ऊन हिवाळ्यातलं होतं, कोवळं आणि तिरपं, आणि त्या उन्हात बसलं की माझ्या नाकाला आपोआप कोंड्याचा, राखेचा आणि गरम पिसांचा वास लागतो. एकोणीस-वीस वर्षं होऊन गेली.

मी देहूरोडची. वडील सरकारी कारखान्यात होते, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू, सकाळ-संध्याकाळ भोंगा, सगळं वेळेवर. घर माळकऱ्यांचं. अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं मी पाहिलं नव्हतं. लग्न होऊन कुरुळीत आले तेव्हा एकवीस वर्षांची होते, आणि कोंबडी इतक्या जवळून पहिल्यांदा बघितली ती सासरच्या अंगणात.

सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. कंपन्यांसाठी जमीन गेली तेव्हा त्यांनी घराच्या बाजूला पाच खोल्या काढल्या होत्या, वर पत्रा, पुढं एकच नळ. त्यांत कंपन्यांत कामाला आलेली माणसं राहायची. पहाटे कंपनीची बस रस्त्यावर हॉर्न द्यायची, मग पाच दारांच्या पाच कड्या वाजायच्या. दुपारी दोरीवर निळे शर्ट वाळत असत आणि साबणाने न गेलेला तेलाचा वास त्यांतून वाऱ्यावर यायचा. नळाच्या पलीकडं मेंदीचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत आमचं अंगण. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा नियम एका ओळीचा होता. "नळापोतूर त्येंचं, मेंदीच्या आत आपलं." भाडेकरूंशी त्या वाईट वागायच्या नाहीत, कुणाच्या घरी बाळंतीण असली तर डिंकाचे लाडूही जायचे. पण द्यायचे ते नळापाशी उभं राहूनच.

अंगणात चार कोंबड्या होत्या आणि एक कोंबडा. आत्याबाईंचं माहेर मावळातलं, डोंगराकडचं. लग्नात आईनं त्यांना डालग्यात घालून दोन तलंगा दिल्या होत्या, म्हणजे अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या. या चार त्यांच्याच वंशातल्या. "दागिना मोडला, म्हस मोडली," त्या सांगायच्या, "पर ही पैदास मोडू दिली न्हाई म्या." सांगताना त्या कोंबड्यांकडं बघायच्या, माझ्याकडं नाही. जुना कोंबडा श्रावणात मुंगसानं नेला होता. मागं राहिला तो त्याचाच पोरगा, पाच-सहा महिन्यांचा. अंग तांबूस, मानेवर पिवळी झालर, शेपटी काळी-हिरवी पण अजून अर्धवट. आरवायला लागायचा आणि मधेच आवाज फाटायचा. आम्ही दोघी हसायचो. आत्याबाई आणि मी बरोबर हसलो असं त्या वर्षात तेवढंच आठवतं.

दिवाळी झाली आणि मावळातून निरोप आला. आत्याबाईंच्या आई अंथरुणाला खिळल्या होत्या. आत्याबाईंनी दोन लुगडी पिशवीत घातली, मला अंगणात नेलं आणि म्हणाल्या, "घराचं काय, घर ऱ्हातंय. एवढ्या कोंबड्या तेवढ्या संभाळ." बस.

पहिले आठ दिवस बरे गेले. मग एका सकाळी मी कण्यांची ताटली घेऊन अंगणात गेले, तर तो कोंबडा एक पंख जमिनीला टेकवून, तिरका तिरका माझ्याभोवती फिरला. मला वाटलं, खेळतोय. हातातला हिरवा चुडा वाजला असेल, साडीचा काठ हलला असेल. त्यानं उडी घेतली आणि दोन्ही पाय माझ्या नडगीवर हाणले. ताटली पडली. मी पळाले, स्वयंपाकघरात शिरून दार लावून घेतलं. दाराच्या फटीतून पाहिलं तर तो सांडलेल्या कण्यांवर उभा राहून आरवत होता, आणि आवाज आज फाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी झाडू घेऊन गेले. झाडू बघून तो आणखी पेटला. मागून यायचा हा त्याचा डाव. समोरून गेलं तर जमिनीत चोच घालून बसायचा, पाठ फिरली की पायांचा आवाज यायचा, टपटप टपटप, आणि मला कळायचं. आजही कुणी चप्पल न घालता मागून पळत आलं की माझे खांदे आखडतात.

ह्यांना सांगितलं तर ते हसले. "अगं, कोंबड्याला काय भ्यायचं. लाथ घाल एक, गप बसतंय." सुट्टीच्या दिवशी त्यांनी स्वतःच घातली. कोंबडा दोन कोलांट्या खाऊन पडला, उठला, अंग झाडलं आणि सरळ त्यांच्या बुटावर आला. हे हसत हसत घरात आले, पण पुन्हा अंगणात गेले नाहीत. ते शिफ्टला जायचे. मी मात्र तिथंच राहायची.

मग मी सोपं केलं. खुराडं उघडणंच बंद केलं. जाळीतून दाणे टाकायचे, पाण्याचं भांडं काठीनं आत सरकवायचं. चार दिवसांत खुराड्यातून डोळ्यांना झोंबणारा वास यायला लागला. अंडी थांबली. काबऱ्या कोंबडीच्या पाठीवरची पिसं गेली होती, लालसर कातडी दिसत होती. तो आत तिला सुखानं उभी राहू देत नव्हता. मला ते दिसत होतं आणि तरी मी कडी काढत नव्हते. माझ्या पायावर खपल्या होत्या, त्या मी काठाखाली झाकायची. आत्याबाई येतील तेव्हा काय सांगायचं, याच्या मी मनातल्या मनात तयाऱ्या करायची.

पाचव्या दिवशी मेंदीपलीकडून हाक आली. "वैनी, कोंबड्या आजारी आहेत का? चार दिवस झाले, आवाज वेगळाच यायलाय."

कोपऱ्यातल्या खोलीतली शमीम होती ती. नवरा इक्बालभाई चाकण चौकात गाड्या दुरुस्त करायचा. उदगीरकडची माणसं, येऊन वर्ष झालं होतं. माझ्याएवढीच असेल, पण तिला तीन वर्षांची मुलगी होती, नीलू. नळावर आमचं दोन-चार शब्दांचं बोलणं व्हायचं, तेवढंच.

मी म्हणाले, "आजारी नाहीत. मी सोडत नाहीये."

"का बरं?"

मला एकदम रडू यायला लागलं. मी काठ वर करून पाय दाखवला.

ती बघून म्हणाली, "आत येऊ का?"

आत्याबाई मावळात होत्या, तरी मी मागं वळून घराकडं पाहिलं. मग म्हणाले, "या."

मेंदी एका जागी विरळ होती, तिथून ती अंग चोरून आत आली. आत आल्यावर चप्पल काढून ठेवली. खुराड्यापाशी बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. म्हणाली, "हा तर नवरदेव आहे. एवढ्या नवरदेवाला चार बायका पुरतात का, मग काय होणार. आणि तरणा आहे, वैनी. आत्ता त्याच्या अंगात आलंय. जुना कोंबडा असता तर त्यानं दोन दणके देऊन शिकवलं असतं. याला कुणी शिकवायलाच नाही."

"ह्यांनी लाथ घातली एकदा."

"मग तर झालंच. लाथ मारली की त्याला वाटतंय लढाई सुरू झाली. तू पळालीस की वाटतंय आपण जिंकलो. दोन्ही नको."

"मग काय करायचं?"

"काही नाही. उभं राहायचं."

तिनं कडी काढली. कोंबड्या एकदम बाहेर सांडल्या, उन्हात पंख पसरून मातीत लोळायला लागल्या. तो शेवटी आला, मान ताठ करून. शमीमला बघितलं आणि पंख पाडला. मी पायरीवर चढले होते. त्यानं उडी घेतली, तिच्या सलवारीवर पाय हाणले. ती हलली नाही. पुन्हा हाणले. ती हलली नाही. मग तिनं एक पाऊल त्याच्याकडं टाकलं, सावकाश, जणू तिला त्याच बाजूला जायचं होतं. आणखी एक. तो मागं सरला, मान वाकवली आणि जमिनीत चोच मारायला लागला.

"बघ, दाणा तर नाही तिथं," ती म्हणाली. "लाज वाटायली, म्हणून खाल्ल्यासारखं करायलाय."

मग वाकून तिनं दोन्ही पंखांवरून हात घातला, त्याला उचलून काखेत घेतला आणि ओढणीचं टोक त्याच्या डोक्यावर टाकलं. तो गप झाला. तसाच त्याला काखेत घेऊन ती माझ्याशी इकडचं तिकडचं बोलत राहिली. एका हातानं हौदावरची माझी दोन भांडीही विसळली. पाव तासानं खाली ठेवला. तो दोन पावलं चालला आणि आम्हाला विसरून गेला.

त्या दिवसापासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला, पहिल्या शिफ्टची माणसं गेली, नळ मोकळा झाला, ऊन शेवग्याखाली आलं की ती मेंदीतून यायची. माझी शाळाच होती ती. पहिला धडा, आत जाण्याआधी बोलायचं, म्हणजे तो दचकणार नाही. दुसरा, कोंबड्यांना आधी घालायचं, त्याला हातानं कधी भरवायचं नाही. तिसरा, तो वाटेत उभा असला तर आपण वळसा घालायचा नाही, आपण आपल्या वाटेनं जायचं, तो सरकतो. हा तिसरा मला जमायला बारा दिवस लागले. मी पाऊल उचलायची आणि तिरकं टाकायची. शमीम हौदावर बसून म्हणायची, "सरळ. सरळ जा की. घर तुझं आहे का त्याचं?" मला त्या घरात येऊन सातच महिने झाले होते. घर माझं आहे असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं.

मी त्याला पहिल्यांदा उचललं तेव्हा शमीमनं खालून आपले हात धरले होते. मला तो जड वाटेल असं वाटलं होतं. तो हलका होता. सगळी पिसंच, आत एवढंसं ऊबदार अंग. त्याच्या मानेला गवताचा आणि उन्हाचा वास येत होता. आमच्या माळकरी घरातल्या हातांना तो वास लागला, आणि मला वाईट वाटलं नाही.

इक्बालभाईंनी चाकणच्या बाजारातून आणखी पाच कोंबड्या आणल्या. काबरीला आठ दिवस वेगळं डालग्याखाली ठेवलं, पाठीला हळद-तेल लावलं. हळूहळू अंगणाचा आवाज बदलला. सकाळी आधी त्याचं आरवणं, मग अंडं घातलेल्या कोंबडीचा गवगवा, मग दुरून बसचा हॉर्न. दुपारी शांत. शेवग्याची पिवळी पानं पडायची, कोंबड्या मातीत खड्डे करून बसायच्या, शमीम मेथी निवडायची आणि मी बाजरी पाखडायची. ती उदगीरचं सांगायची, तिच्या अम्मीच्या दारातल्या तीस कोंबड्यांचं. मी देहूरोडच्या भोंग्याचं सांगायची. तिच्या घरी आणि माझ्या माहेरी एकच गोष्ट सारखी होती, दोन्हीकडं मुलीचं फार कुणी विचारून लग्न केलं नव्हतं. ते बोलून झाल्यावर मीही तिच्यातली मेथी निवडायला घेतली.

पौषात मावळातून फोन आला. आत्याबाईंच्या आई गेल्या. मी आणि हे गेलो. तिथलं घर लहान होतं, बाजूला खुराडं होतं, आणि खुराड्यात लाकडं रचून ठेवली होती. आजारपणात कोंबड्यांकडं बघायला कुणी नव्हतं, कुणी विकल्या, कुणी नेल्या. सगळं आटपल्यावर आत्याबाई तिथं उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "इथलं बेणं संपलं. आता काय हाय त्ये तुझ्याजवळ." तेराव्यापर्यंत आणि पुढं भावाकडं महिनाभर त्या तिथंच राहणार होत्या. मी परत आले ते ते वाक्य घेऊन.

आणि चारच दिवसांनी ते झालं.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मी नीलूला नळावर गुळपोळी दिली होती. मी घरात गेले, शमीम खोलीत पोळ्या लाटत होती. नीलू गुळपोळी हातात नाचवत मेंदीतल्या वाटेनं अंगणात पळत आली. ती वाट आता चांगलीच रुंद झाली होती, रोजच्या येण्याजाण्यानं. मी किंकाळी ऐकून धावले. पोरगी जमिनीवर बसली होती, कोंबडा तिच्यासमोर मानेची पिसं फुलवून उभा होता, आणि तिच्या डाव्या डोळ्याखालून रक्त गालावर येत होतं.

इक्बालभाईंना बोलावलं, ते स्कूटरवरून दोघींना दवाखान्यात घेऊन गेले. मी कोंबड्यावर डालगं पालथं घातलं आणि पायरीवर बसून राहिले. हे दुपारी शिफ्टवरून आले. सगळं ऐकून घेतलं. या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "बास झालं आता. संध्याकाळी खाटकाला बोलावतो. आईला काय सांगायचं ते मी सांगतो."

मी म्हणाले, "बोलवा."

मला वाटलं होतं हा शब्द माझ्या तोंडातून निघणार नाही, पण निघाला. डालग्याखाली तो बारीक आवाज करत होता, कुणाला तरी हाक मारल्यासारखा. कोंबड्या भोवती फिरत होत्या. लाकडांनी भरलेलं ते खुराडं डोळ्यांपुढून जात नव्हतं, आणि नीलूचा गालही.

उन्हं कलायच्या आत ते तिघं दवाखान्यातून परत आले. दोन टाके पडले होते. डॉक्टर म्हणाले होते, बोटभर वर असतं तर डोळा गेला असता. मी शमीमसमोर हात जोडले. म्हणाले, "भाभी, आज त्याला कापतोय. मी आधीच तसं करायला हवं होतं."

इक्बालभाई दारात उभे होते. ते म्हणाले, "मला विचाराल तर हो, कापा. मी खोटं नाही बोलणार, वैनी."

शमीम पोरीला कडेवर घेऊन तशीच उभी होती. तिच्या ओढणीवर रक्त वाळलं होतं. ती म्हणाली, "कापायचं नाही."

"अगं, डोळा गेला असता," हे म्हणाले.

"गेला असता, भाऊ. माझ्या पोरीचा गेला असता. मला माहितेय." तिचा आवाज चढला नाही. "पण मेंदीतनं वाट कुणी पाडली? मी पाडली. फाटक लावलं का? नाही लावलं. एवढीशी पोर खायला घेऊन पळत आली, तो घाबरला. आज त्याला कापलं तर हिला एवढंच कळंल, की कोंबडा म्हणजे रक्त. जन्मभर कोंबडं बघितलं की पळंल. माझ्या माहेरी दारात तीस कोंबड्या आहेत. आजीकडं जाईल कशी ही?"

मग ती मला म्हणाली, "फाटक लावू. पोरं बाहेर असली की हा आत. नखं कापू. आणि पुन्हा लेकरावर गेला, तर तुला सांगायची गरज नाही, मीच मान धरीन त्याची."

दुसऱ्या दिवशी इक्बालभाईंनी कंपनीतून फेकलेल्या पॅलेटच्या फळ्या आणल्या आणि मेंदीतल्या वाटेला फाटक केलं, मुलांचा हात पोचणार नाही इतकी वर कडी. रागातच ठोकत होते. पण फाटक चांगलं झालं.

टाके निघाले त्यानंतर एका दुपारी शमीम कोंबड्याला ओढणीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. नीलू तिच्या पाठीमागं, गळ्यात हात घालून. पहिल्या दिवशी ती पुढं आलीच नाही. दुसऱ्या दिवशी एका बोटानं शेपटीला हात लावून पळाली. शमीम म्हणायची नाही की हात लाव. ती आपली त्याची नखं कापत बसायची, ह्यांच्याच नेलकटरनं, थोडी थोडी. त्याच्या पायामागं फुटू लागलेली टोकंही तिनं कानशीनं बोथट केली. आठव्या का नवव्या दिवशी नीलू म्हणाली, "मला दे." शमीमनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याचे पाय ओढणीतून घट्ट धरले, तिनं मान आणि पंख सांभाळले, आणि मधे नीलूच्या मांडीवर तो. तिनं त्याच्या छातीखाली हात घातला आणि बराच वेळ तशीच बसली. हौदात नळाचं पाणी ठिबकत होतं. त्या दिवशीचं ऊन मी अजून वेगळं ओळखू शकेन.

माघात तो पुरता वयात आला. शेपटीची पिसं कमानीसारखी वळली. मी अंगणातून सरळ चालायची आणि तो सरकायचा, त्यात आता ना त्याला काही वाटायचं ना मला. गांडूळ सापडलं की स्वतः न खाता टुकटुक करून कोंबड्यांना बोलवायचा. एकदा वर घार फिरायला लागली. त्यानं असा एक लांबट आवाज काढला की सगळ्या कोंबड्या क्षणात शेवग्याला टेकवून ठेवलेल्या, फाटकातून उरलेल्या फळ्यांमागं गेल्या. तो एकटा उघड्यावर उभा राहिला, एक डोळा आभाळाकडं करून, घार जाईपर्यंत.

आत्याबाई आल्या त्या दुपारी. पिशवी दारात ठेवली आणि पाणीही न पिता अंगणात गेल्या. नऊ कोंबड्या बघितल्या, फाटक बघितलं, काबरीची भरून आलेली पाठ बघितली. मी दाणे घेऊन आले. कोंबडा वाटेत होता, तो बाजूला झाला. त्यांनी ते बरोबर टिपलं.

"ह्यो असा न्हवता," त्या म्हणाल्या. "जाताना म्या बघितलं हुतं, डोळा वाकडा झालेला त्येचा. मला घोर हुता. कुणी शिकवलं?"

हे काही बोलायच्या आत मी म्हणाले, "शमीमभाभीनं." आणि मग सगळं सांगितलं. खुराडं बंद ठेवलं ते, वाट पडली ते, गुळपोळी, टाके, खाटीक. काही लपवलं नाही. मला वाटतं, त्या घरात मी न घाबरता बोलले ती पहिलीच वेळ.

त्या हौदावर बसून ऐकत राहिल्या. मग उठल्या, फाटकाची कडी काढली, नळ ओलांडला आणि कोपऱ्यातल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. शमीम गडबडून बाहेर आली, डोक्यावर ओढणी घेतली. आत्याबाईंनी नीलूची हनुवटी वर केली. गालावरची खूण अंगठ्यानं चाचपली.

"माझ्या दारात लागलं गं तुला," त्या म्हणाल्या.

मग शमीमला म्हणाल्या, "च्या टाकलाय सुनेनं. चल. आन फाटकातनं येत जा, व्हय. नळापाशी कशापायी थांबायचं?"

चहा मी खरंतर टाकलेला नव्हता. पळत जाऊन टाकला.

पुढं दीड वर्षं शमीम आमच्याकडं होती. काबरी खुडूक झाली, तिच्याखाली आत्याबाईंनी अंडी ठेवली, पिल्लं निघाली, त्यांत पुन्हा दोन तांबूस कोंबडे होते आणि त्यांना वळण लावायला आता त्यांचा बाप होता. मग चाकण चौकात रस्ता रुंद व्हायला निघाला. इक्बालभाईंची गाड्या दुरुस्त करायची जागा गेली आणि ती माणसं उदगीरला परत गेली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा आत्याबाई डालगं घेऊन आल्या. आत दोन तलंगा होत्या. शमीमच्या हातात ते देताना त्या म्हणाल्या, "वाटंत पाणी दाव." आणि पदरानं तोंड पुसत घरात गेल्या.

तो कोंबडा सहा वर्षं जगला आणि म्हातारा होऊन मेला. आत्याबाईही गेल्या. आम्ही मुलीच्या शाळेसाठी मारुंजीला गेलो, खोल्यांवर मजले चढले. त्या पैदाशीतली शेवटची कोंबडी आमच्या अंगणातून कधी संपली, हे आज मला सांगता येत नाही. शेवटची आहे हे त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नसेल. फाटकाच्या फळ्यांचंही तसंच. कुठल्या तरी हिवाळ्यात त्या बंबात गेल्या असतील.

बाराच्या सुमाराला स्कूटरचा आवाज आला. एका उंच मुलीनं मोटारसायकलींच्या रांगेतून गाडी आत घेतली, हेल्मेट काढलं, गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र सरळ केलं. डाव्या डोळ्याखाली पांढरट रेघ आहे, नखाएवढी.

तिनं खोली बघितली, खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला. मग म्हणाली, "मावशी, मागं अंगण होतं ना?"

मी तिला मागं नेलं. हौद कुठं होता, शेवगा कुठं होता, ते दाखवलं. ती सिमेंटच्या ठोकळ्यांवरून चालत मीटरांच्या रांगेपर्यंत गेली.

मला राहवलं नाही. म्हणाले, "नीलू, तुला इथंच लागलं होतं. मी गुळपोळी दिली होती तुला, त्याच दिवशी. भाभी होती म्हणून, नाहीतर आम्ही त्या दिवशी त्याला..."

"अम्मी सांगते ते," ती म्हणाली. गालाला हात लावला. "कोंबड्यानं मारलं, टाके पडले, सगळं सांगते. पण मला त्यातलं काहीच आठवत नाही, मावशी. खरंच नाही." तिनं तळहात उघडून पाहिला. "मला एकच आठवतं. मी बसलेय, दोन्ही बाजूंनी कुणीतरी आहे, आणि माझ्या तळहाताखाली त्याचं काळीज धडधडतंय. खूप जोरात. आणि मला त्याची काळजी वाटतीये."

मी तिच्या हातात किल्ली दिली.

"सामान आजच आणलं तरी चालेल," मी म्हणाले.